मऊ सीट बसवली आणि बूड अजूनच दुखायला लागलं: एका जुन्या गाडीच्या सीटचं पूर्ण प्रकरण

गाडी म्हणजे मोटरसायकल, १९९२ ची, साडेतीनशे सीसी, सिंगल सिलिंडर, सरळ लांब बाकासारखी सीट, खाली लोखंडी पत्रा. मी पाच फूट सात इंच, वजन ७८ किलो. तक्रार अशी की चाळीस मिनिटं झाली की बुडाखाली दोन ठिकाणी खिळे टोचल्यासारखं दुखायचं, तासाभराने मधला भाग बधिर व्हायचा, आणि मग पुढचं सगळं अंतर एकदा या कुल्ल्यावर एकदा त्या कुल्ल्यावर असं करत काढायचं. इंजिन ठणठणीत, गाडी अजून दिवसभर चालायला तयार, मीच नाही.

हे सगळं लिहितोय कारण या एका सीटसाठी मी दोन वेळा चुकलो आणि दोन्ही वेळा चूक एकच होती: आराम म्हणजे मऊपणा असं धरून चाललो होतो.

जुन्या सीटचं आधी सांगतो. कव्हर काढलं तर आतला फोम वरून बरा दिसत होता, पण बसायच्या जागी बोटाने दाबला की पिवळा भुसा हातात यायचा. पीयू (पॉलियुरेथेन) फोमचं असंच होतं, उष्णता आणि दमटपणा याने वर्षानुवर्षं तो आतून मरत जातो, आकार तसाच राहतो पण उसळी संपते. त्यात शिलाईतून पाणी जाऊन खालचा थर कायम ओलसर. म्हणजे मी फोमवर बसतच नव्हतो, जवळजवळ पत्र्यावर बसत होतो. हे कळल्यावर कुणीही जो विचार करेल तोच मी केला, जुनी फेकायची आणि नवीन घ्यायची.

पहिली चूक, रेडीमेड

याच मॉडेलसाठी म्हणून विकली जाणारी एक जाड टूरिंग सीट मागवली. फोटोत सोफा वाटत होती, हातात आल्यावर पण तशीच, अंगठा दाबला की पार आत. मी खूश.

बसवायला गेलो तर पुढची जीभ, म्हणजे पत्र्याची ती पट्टी जी टाकीच्या मागे फ्रेमच्या खाचेत सरकते, ती जाईचना. जुन्या गाड्यांमध्ये एकाच नावाखाली मधल्या काही वर्षांत फ्रेमवरचे ब्रॅकेट बदललेले असतात आणि विकणारा "सगळ्यांना बसते" असं लिहून मोकळा होतो. मी जीभ थोडी घासली, थोडी वाकवली, कशीबशी आत घातली, मग मागची बोल्टची भोकं जुळेनात म्हणून सीट फ्रेमवर ज्या रबरांवर टेकते त्यातल्या मागच्या रबरांवर अजून एकेक रबर चढवलं. बोल्ट बसले. काम झालं असं वाटलं.

पहिल्या वीस मिनिटांत स्वर्ग. पन्नास मिनिटांनी जुन्या सीटपेक्षा वाईट. आणि एक नवीनच दुखणं सुरू, मनगटं आणि खांदे. मी पुढे टाकीला चिकटायचो, मागे सरकून बसायचो, दोन ब्रेक मारले की परत टाकीवर. मनगटाचं दुखणं म्हणजे हँडल चुकीचं असं ठरवून उंच हँडल घ्यायला निघालो होतो, घेतलं असतं तर क्लचची वायर, थ्रॉटलची वायर, ब्रेकचा पाईप सगळं लांब करावं लागलं असतं. वाचलो.

वाचलो ते दुसऱ्याच कारणाने. बॅटरीचं पाणी बघायला सीट काढली तर पत्र्याच्या खालच्या बाजूला एक काळा ओरखडा, बरोब्बर बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या वर. टर्मिनलची रबरी टोपी अर्धी कापली गेली होती. इथे थांबून सांगतो, कारण हे आरामापेक्षा महत्त्वाचं आहे: लोखंडी पत्रा बोल्टने फ्रेमला जोडलेला म्हणजे तो अर्थिंग आहे, बॅटरीच्या मायनसला जोडलेला, आणि टर्मिनलच थेट त्याला टेकलं तर मधे फ्यूज येतच नाही, फ्यूज पुढच्या वायरिंगमध्ये असतो. वर फोम, बाजूला पेट्रोलची टाकी. खड्ड्यात सीट दबली की पत्रा खाली लवत होता आणि टोपी कापत होता, अजून महिनाभर चालली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. कुठलीही बाहेरची सीट लावली की पहिलं काम हेच, पत्र्याखाली जिथे जिथे काही येतं (बॅटरी, रिले, वायरिंगचा गठ्ठा, एअर फिल्टरचं झाकण) तिथे मातीचा किंवा पिठाचा गोळा ठेवायचा, सीट बसवून वर दणकून बसायचं, काढायचं, आणि गोळा किती चपटा झाला ते बघायचं. मी निदान १० मिमी मोकळी जागा असल्याशिवाय आता सीट पास करत नाही.

मग मोजायला बसलो

जे आधी करायला हवं होतं ते आता केलं.

गाडी मेन स्टँडवर नाही, हे लक्षात घ्या. मेन स्टँडवर मागचं चाक उचललेलं असतं त्यामुळे कोन आणि उंची दोन्ही खोटी येतात. दोन्ही चाकं जमिनीवर, मी वर बसलेलो, पाय फूटरेस्टवर, मित्राने पुढून धरलेली, आणि दुसऱ्याने बाजूने फोटो काढायचा, मग फोटोत सीटची रेघ आणि जमिनीची रेघ बघायची. रिकाम्या सीटवर लांब पट्टी ठेवून त्यावर फोनचं लेव्हल ॲप पण चालतं, पण बसल्यावरचा आकडा खरा.

जुनी सीट पुढे दीड अंश उतरती होती. नवीन पाच अंश. त्यातले दोन अंश तर मीच घातले होते, मागे चढवलेल्या त्या जादा रबरांनी: २० मिमी उचल, पुढच्या जिभेपासून मागच्या बोल्टपर्यंत ५८० मिमी, हिशोब केला की दोन अंश बरोबर येतात. उरलेला उतार फोमच्याच आकाराचा. पाच अंश ऐकायला काहीच नाही, पण सीटवर जेवढं वजन असेल त्याच्या साधारण नऊ टक्के जोर सतत पुढे ढकलतो. माझं साठ किलो सीटवर धरलं तर पाच किलो. गुळगुळीत रेक्झिनवर ते पाच किलो कोण अडवणार, तर हात. म्हणजे मनगटाचं दुखणं हँडलचं नव्हतंच, सीटचं होतं.

दुसरं माप बुडाचं. हसू नका. बसताना आपलं वजन दोन हाडांवर येतं, ओटीपोटाच्या तळाची ती दोन टोकं, मोठ्या माणसात त्यांच्यातलं अंतर बहुतेक १० ते १४ सेमीच्या आसपास असतं. जाड खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसून पाय एखाद्या ठोकळ्यावर उचलून पुढे वाकायचं, उठलं की दोन खळगे दिसतात. माझे साडेबारा सेमीवर आले. आता हे अंतर घेऊन नवीन सीट बघितली तर ती मधे उंच आणि दोन्ही बाजूंना गोल उतरती होती, दिसायला गुबगुबीत. माझी दोन्ही हाडं उतारावर पडत होती आणि मधला फुगीर भाग दोन्हींच्या मधल्या नाजूक जागेवर, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. बधिरपणा का येत होता ते त्या पुठ्ठ्याने सांगितलं.

आणि तिसरं, फोम. मऊ फोमवर अंगठा दाबला की छान वाटतं पण ७८ किलोचा माणूस म्हणजे अंगठा नव्हे. ९ सेमीचा तो फोम माझ्याखाली पूर्ण दबून जात होता, हाडांखाली शिल्लक काहीच नाही, आणि दबलेला मऊ फोम आजूबाजूने वर येऊन मांड्या आवळत होता. दुकानात दोन मिनिटं बसून सीट पसंत करणं म्हणूनच फसवं, मऊ सीट पहिल्या दोन मिनिटांत नेहमी जिंकते.

दुसरी चूक, जेल

इतकं कळूनही मी शॉर्टकट मारला. रेडीमेड सीटच्या फोममध्ये खड्डा कोरून जेलचा पॅड बसवला. जेल दाब पसरवतो हे खरं आहे पण त्याला उसळी नाही, खाली चांगला कडक फोम असेल तरच उपयोग, माझ्याकडे खाली तोच ढिला फोम. वर ऊन. जेल उष्णता धरून ठेवतो, उन्हात तासभर उभी केलेली गाडी, काळं रेक्झिन, त्याखाली जेल, बसल्यावर जे होतं ते तव्यावर बसण्यासारखं आणि लवकर थंड पण होत नाही. पंधरा दिवसांत काढून टाकला.

मेमरी फोमचा पण विचार झाला होता. १९६६ मध्ये नासाच्या कामातून विमानाच्या सीटसाठी निघालेला तो फोम, नाव मोठं. पण तो तापमानावर चालतो, थंडीत कडक, गरमीत अगदी मऊ, आणि दबला की हळूच वर येतो, त्यामुळे खड्ड्यामागून खड्डा आला की दुसऱ्या खड्ड्याला तो दबलेलाच असतो. वरचा पातळ थर म्हणून ठीक, मुख्य फोम म्हणून नाही.

मग जुना पत्रा परत बाहेर काढला

शेवटी डोक्यात प्रकाश पडला की गाडीला बरोबर बसणारी एकच गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती म्हणजे जुना पत्रा. जीभ बरोबर, भोकं बरोबर, बॅटरीवर जागा बरोबर. खराब झाला होता तो फोम, पत्रा नाही. जुनी सीट फेकली नव्हती हे नशीब, तुम्ही पण फेकू नका, नवीन कितीही आवडली तरी सहा महिने जुनी माळ्यावर राहू द्या.

पत्रा वायर ब्रशने घासला, गंज जिथे राहिला तिथे रस्ट कन्व्हर्टर, मागच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी आरपार गेला होता तिथे पट्टी वेल्डिंग, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. खालची पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत, वेल्डिंगवाला उत्साहात ती पण भरायला निघाला होता. या जुन्या पत्र्याला कडेने दाते असतात ज्यात कव्हर अडकवतात, त्यातले आठ-दहा तुटलेले, उरलेले हळूच सरळ केले, जास्त वेळा वाकवले की तुटतात. तुटलेल्या जागी कव्हर पकडायला रबरी ॲडहेसिव्ह आणि वरून पट्टी रिव्हेट केली. प्लास्टिकचा तळ असेल तर स्टेपल मारायच्या, स्टेनलेसच्या आणि तळाच्या जाडीला साजेशा छोट्या, लांब स्टेपल आरपार जातात.

सीटची चारही रबरं नवीन. इथे एक छोटी युक्ती: रबरांवर खडू घासायचा, सीट बसवून वर बसायचं, काढायची, पत्र्यावर चारही ठिकाणी खडू उमटला पाहिजे. माझ्या एकावर उमटला नाही, तिथे फ्रेमच जरा बसलेली, २ मिमीची चकती घातली. वजन रबरांवर पडायला हवं, जिभेवर आणि बोल्टवर नाही, ते फक्त सीट जागेवर धरायला असतात.

फोमचे थर असे लावले: तळाला २५ मिमी रिबॉन्डेड, म्हणजे तुकडे दाबून केलेला, घनमीटरला १०० किलोवाला, हा काही केल्या तळाला टेकू देत नाही. त्यावर ४० मिमी चांगला पीयू, ५० किलोच्या घनतेचा. वर १२ मिमी मऊ थर फक्त टोचू नये म्हणून. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का, जास्त घनतेचा फोम जास्त दिवस टिकतो, तो मऊ पण मिळतो आणि कडक पण, आणि फोमवाला "हार्ड देऊ का सॉफ्ट" एवढंच विचारतो, घनता आपणच विचारायची. उश्या-गाद्यांचा हलका फोम इथे काही महिन्यांत बसतो.

कापायला ब्रेडची दातेरी सुरी, आकार द्यायला ग्राइंडरवर खरखरीत सँडिंग डिस्क, नाकाला मास्क, कारण फोमची धूळ घरभर आणि फुफ्फुसभर जाते. स्प्रे ग्लू दोन्ही बाजूंना मारून चिकचिकीत होईपर्यंत थांबायचं, मग चिकटवायचं, आणि जिथे नंतर कोरायचं आहे त्या कडांजवळ ग्लू मारायचा नाही, वाळलेल्या ग्लूची रेघ कडक होते आणि सुरी तिथे अडते.

आकार असा दिला: बसायच्या जागी २४ सेमी रुंद आणि आडवं अगदी सपाट, उलट मधे बोटभर रुंद उथळ खाच. उतार पुढे जवळजवळ शून्य. मागे दोन बोटं उंच कड, पाठीचा तळ टेकेल अशी. टाकीजवळ दोन्ही बाजू चांगल्या तासल्या, याचं कारण पाय. माझी जुनी सीट ७९० मिमी उंच, रेडीमेड ८२५, त्यावर मी सिग्नलला चवड्यावर उभा. नवीन ८०० झाली तरी पाय जुन्या सीटसारखेच टेकतात कारण मांडी आता सीटला वळसा घालून जात नाही, सरळ खाली जाते. उंचीचा आकडा सगळे विचारतात, पुढची रुंदी कुणी विचारत नाही.

आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगतो. कव्हर लावायच्या आधी गाडी चालवली. फोमवर प्लास्टिकचा कागद, त्यावर जुनी चादर, पत्र्याखालून दोरी घट्ट आवळून (टोकं चेनपासून लांब, नीट खोचून, हे विसरू नका) सव्वा तास फिरून आलो. लोक बघत होते, बघू दे. पहिल्या फेरीत डाव्या मांडीला कड लागत होती, तासली. दुसऱ्या फेरीत मागची कड जास्त पुढे आलेली, मला मागे सरकताच येईना आणि लांबच्या प्रवासात जागा बदलता आली नाही की कितीही चांगली सीट छळते, ती दोन सेमी मागे नेली. तिसऱ्या फेरीत काही सापडलं नाही. कव्हर शिवून झाल्यावर यातलं काहीही करता येत नाही, म्हणजे येतं पण शिवणाऱ्याच्या शिव्या खाऊन.

शिवायला कुशनचं काम करणाऱ्या काकांकडे दिली. काका कामाला पक्के पण त्यांना डायमंड शिलाई करायचीच होती, "साहेब, लुक येतो". मी म्हटलं काका, प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, हजार भोकांतून पाणी आत जाईल आणि दोन पावसाळ्यांत परत ओला फोम. "मग खाली प्लास्टिक घालू की." प्लास्टिक घालूच पण डायमंड नको. शेवटी वरचा सगळा भाग एकसंध, शिलाई फक्त बाजूंना, पाईपिंगच्या (कडेने शिवलेल्या गोल पट्टीच्या) खाली, दोरा पॉलिस्टरचा, आणि रेक्झिन दोन्ही बाजूंना ताणलं जाणारं, नाहीतर सपाट कोरलेल्या सीटवर ताणून बसवलं की झोळीसारखं होतं आणि आपण फोमवर न बसता कापडावर बसतो. वर खरखरीत पोत निवडला, गुळगुळीत नाही. काका थोडे नाराज होते पण काम चोख केलं.

मागे बसणाऱ्यांचं राहिलंच. बायकोची आधी तक्रार असायची की ब्रेक मारला की ती माझ्यावर येते, आता मधल्या कडेमुळे तिची बैठक वेगळी झाली आणि ती येत नाही. तिचा फोम मी माझ्यापेक्षा एक नंबर मऊ ठेवलाय कारण मागे वजन कमी, माझ्या फोमवर तिला दगडावर बसल्यासारखं वाटलं होतं. एकच फोम दोघांना चालेल हे गृहीत धरू नका.

मागचे शॉक (स्प्रिंगचा ताण ठरवणाऱ्या) चौथ्या खाचेवर होते ते दुसऱ्यावर आणले, शेपटी जरा खाली आली, उताराचा अर्धा अंश तिथे पण कमी झाला, फुकट. हे तर पहिल्याच दिवशी करून बघायला हवं होतं.

निकाल: चाळीस मिनिटांवरून सव्वादोन तास. त्यानंतर उतरावंसं वाटतं, पण दुखतं म्हणून नाही, अवघडतं म्हणून. बधिरपणा पूर्ण बंद. मनगटं ठीक, हँडल तेच. पहिल्या सहाशे किलोमीटरमध्ये फोम ६ मिमी बसला, ७९४ वर थांबला, तेवढं अपेक्षित होतं म्हणून मी सुरुवातीला जरा जास्तच ठेवला होता.

एक काम बाकी आहे. परवाच्या पावसानंतर मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे पाईपिंग वळतं, तिथे आतून ओल दिसली. शिलाईच्या आतल्या बाजूला सीलंट लावायचं राहिलं तिथे. म्हणजे तो कोपरा परत उघडायचा, दाते परत सरळ करायचे, आणि काकांकडे परत जायचं, जे आता नक्की म्हणणार की डायमंड नव्हतं तरी पाणी आलंच ना साहेब.